मंत्रिमहोदय, उन्हात कोण उभं होतं ते तुम्हाला सांगायला हवं

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, मासुंदा तलावापासून उपवनपर्यंत आम्ही ठाणेकरांनी काढलेल्या पदयात्रेला झेंडा दाखवायला आपण आलात, त्याबद्दल आभार. निघायची वेळ सकाळी साडेसहाची होती. आपण 8.40 ला पोहोचलात. उशीर कोणालाही होतो. पण साडेसहाच का, हे आम्ही पत्रात कारणांसकट लिहिलं होतं. तरीही आपल्या कार्यालयाच्या माणसांनी "साहेब येईपर्यंत कोणी हलायचं नाही" असं बजावलं आणि माणसं ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास ताटकळली.

ती कारणं पुन्हा सांगतो, कारण आमचं पत्र कोणी वाचलेलं दिसत नाही.

चालणाऱ्यांत लिथियमच्या, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या, गोळ्या घेणारे लोक होते. रक्तातलं लिथियम लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोलच्या आसपास राखावं लागतं. औषधाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. घाम गेला, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं, की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं आणि प्रमाण चढतं. आधी हात थरथरतात, मळमळतं, जुलाब होतात. मग चाल अडखळते, जीभ जड होते. बघणाऱ्याला वाटतं, माणूस पिऊन आलाय. मनोविकाराच्या काही औषधांनी येणारी थरथर आणि ताठरपणा कमी करणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी घेणाऱ्यांचं उलटं असतं. त्यांना घामच नीट येत नाही, अंग आतल्या आत तापत जातं आणि चक्कर येईपर्यंत कळत नाही.

म्हणून साडेसहा. सुमारे 5 किलोमीटरचं अंतर, रमतगमत चाललं तरी आठच्या सुमाराला उपवनला सावलीत. दर दीड किलोमीटरला पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट अख्ख्या 1 लिटर पाण्यात, ग्लासात अर्धंमुर्धं ओतून नाही. हे सगळं टेबलांवर मांडून तयार होतं, पण टेबलं पुढे रस्त्यावर आणि माणसं मंडपासमोर अडवलेली! आपल्या कार्यालयाकडून आलेल्या औषधपेटीत डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनच्या पट्ट्या होत्या. पाय दुखला म्हणून कोणी ती गोळी दिली असती, तर लिथियम आणखी चढलं असतं. स्वयंसेवकांनी त्या पट्ट्या काढून फक्त पॅरासिटामॉल ठेवली. ढोलताशा नको, असंही कळवलं होतं. ज्यांना इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, ज्यांची छाती गर्दीत धडधडते, त्यांच्या कानाशी तो अर्धा तास वाजला.

फोटोंचं तर काय सांगावं. ज्यांना फोटो नको होता त्यांच्या गळ्यात आम्ही पिवळी फीत दिली होती, आणि तिचा अर्थ आपल्या छायाचित्रकाराला दोनदा समजावला होता. संध्याकाळी आपल्या पानावर जे फोटो चढले, त्यांत पिवळ्या फिती स्वच्छ दिसतात. चेहरेही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 24 सांगतं, की मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही. हे फोटो आता सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत आहेत. घरमालक बघतो, ऑफिसातला साहेब बघतो, लग्नाचं बघायला आलेले बघतात. आजार लपवून ठेवण्याची वेळ कोणावर येऊ नये म्हणून आम्ही चालत होतो, आणि कोणाला कधी सांगायचं हे ठरवण्याचा हक्कच तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलात.

व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर आपला चेहरा माणसाच्या उंचीचा होता. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा, बांबूच्या दोरीखाली अर्धा झाकलेला. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. त्या दिवशी लोकांनी घरी न्यावी अशी एकच गोष्ट त्या फ्लेक्सवर होती.

गेल्या वर्षी ह्याच व्यासपीठावरून आपण शब्द दिला होता, की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारांची औषधं मिळतील. तो शब्द द्यायचीही गरज नव्हती. त्याच कायद्याच्या कलम 18 मध्ये लिहिलंय, की यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्वत्र, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. कायदा लागू झाला 2018 च्या मे महिन्यात. आजही आमच्याकडे येणारा मुरबाडचा माणूस एसटीने कल्याण, लोकलने ठाणे आणि पुढे रिक्षा करून येतो, सोबत एक नातेवाईक. म्हणजे दोघांचा दिवसाचा रोजगार बुडाला. रुग्णालयाच्या औषधखिडकीवर कळतं, गोळी पुढच्या आठवड्यात येईल. घरी जाऊन तो गोळ्या पुरवून पुरवून घेतो, एक दिवसाआड. मग झोप उडते, मग संशय सुरू होतो, आणि महिन्याभरात त्याला हातपाय धरून भरती करावं लागतं. लोक म्हणतात, ह्या आजारावर औषध लागूच पडत नाही.

पदयात्रेची वर्गणी कुठे जाते, ते ऐका. ह्याच भाड्यात जाते, आणि बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्यांत. कायद्याने सरकारने द्यायचं ते आम्ही डबा फिरवून गोळा करतो, आणि त्याचं उद्घाटन करायला सरकारला बोलावतो!

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 चा. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं, की दर शंभर प्रौढांत दहाहून अधिकांना कुठला ना कुठला मनोविकार आहे आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. कार्यक्रम, धोरण, कायदा, सगळं आहे. खिडकीवर गोळी नाही. आणि दर ऑक्टोबरला आम्हाला सांगता, जनजागृती करा. लोक जागे झाले, महाराज. उठून, भाडं खर्चून, रांगेत येऊन उभे राहिले. आता तुमच्या खात्याने जागं व्हावं.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीबाहेर मनोविकारांच्या औषधांची यादी आणि शिल्लक साठा दर सोमवारी फळ्यावर लिहावा. स्थिरावलेल्या रुग्णाला एका वेळी महिन्याची औषधं द्यावीत. लिथियमची रक्ततपासणी रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी करायची असते, म्हणून सकाळी नमुना घेण्याची सोय तालुक्यातच हवी.

ह्याला तुम्ही महिना घ्या, दोन महिने घ्या. फोटो मात्र आज उतरवा, हे पत्र हातातून खाली ठेवायच्या आधी.

आपले,
पदयात्रेचे स्वयंसेवक, ठाणे