लाल मातीचे ट्रक मागवण्याआधी : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहरचना संस्था, पुणे

विषय : बागेसाठी लाल माती विकत न घेता सोसायटीचे स्वतःचे खत व पालापाचोळा वापरून माती सुधारण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

बागेत टाकण्यासाठी लाल मातीची दरपत्रके मागवल्याची सूचना फलकावर वाचली. ती मंजूर होण्याआधी हे पत्र बैठकीत वाचले जावे, अशी विनंती आहे. आपल्या वाफ्यांत मातीचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो मातीतल्या सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या पाल्या-खतातून मिळणाऱ्या कार्बनचा, आणि तो लाल मातीने भरून निघत नाही. नर्सरीत मिळणारी लाल माती दिसायला छान व हाताला मोकळी लागते, पण तिच्यात कर्ब फारच कमी असतो. दोन पावसाळ्यांत ती बसते, उन्हाळ्यात वर कडक पापडी धरते आणि आपण पुन्हा नवा ट्रक मागवतो.

दुसरी अडचण खाली आहे. बांधकामाच्या वेळी इमारतीभोवती मुरूम, राडारोडा आणि पाया खणताना निघालेली काळी माती दाबून भरली गेली. या घट्ट थरावर वेगळ्या पोताची माती नुसती पसरली, की दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडते. पावसाळ्यात मुळे पाण्यात राहतात, उन्हाळ्यात ती खाली उतरत नाहीत. खात्री करायची तर वाफ्यात ३० सेंमी लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा, पाण्याने भरून एकदा जिरू द्यावा, मग पुन्हा भरून पाण्याची पातळी मोजावी. तासाला अडीच-तीन सेंमी किंवा अधिक पाणी उतरले तर निचरा ठीक. सेंटिमीटरभरही उतरले नाही, तर तळ पहारीने फोडल्याशिवाय वर काहीही टाकणे वाया जाईल.

पाने पिवळी का पडतात

मुख्य दरवाजाजवळच्या जास्वंदीची, एक्झोऱ्याची आणि अनंताची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. मातीत लोह असते, पण सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचे माप) ८ च्या पुढे गेला की ते मुळांना घेता येत नाही. आपल्याकडे सामू वाढण्याची दोन कारणे आहेत: दख्खनच्या काळ्या मातीतली चुनखडी, आणि प्लास्टर-सिमेंटचा राडारोडा. चमचाभर कोरड्या मातीवर स्वयंपाकघरातले व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर मोकळा चुना आहे.

अशा मातीसाठी दुकानदार हमखास दोन गोष्टी सुचवतात. पहिली गंधक. एक चौरस मीटर वाफ्याच्या वरच्या १५ सेंमी थरात साधारण २०० किलो माती असते. तिच्यात एक टक्काच चुना धरला तरी तो २ किलो होतो, आणि तो संपवायला ६०० ग्रॅमहून अधिक गंधक लागते. चुनखडीच्या मातीत चुना याच्या कितीतरी पट असू शकतो. म्हणजे हा खर्च न संपणारा आहे. दुसरी गोष्ट जिप्सम. त्याने चुनखडीच्या मातीचा सामू उतरत नाही. त्याचा उपयोग मातीत सोडियम साचला असेल तरच होतो. आपल्याकडे ती शक्यता एकाच ठिकाणी आहे: जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर प्लांट मिठाने धुतल्यावर निघणारे खारट पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाऊन तेच पाणी बागेला मिळत असेल तर. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वर साचून राहते. हे धुवणाचे पाणी कुठे सोडले जाते, ते प्लंबरकडून तपासून घ्यावे. ते बागेकडे येत असेल तर बाकी सर्व उपाय त्यानंतर.

बोनमीलचेही तेच. हाडांच्या चुऱ्यातला स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीत मोकळा होतो, आपल्या मातीत तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. आणि चिकट काळ्या मातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नये. वाळूचे प्रमाण निम्म्याच्या वर गेल्याशिवाय फरक पडत नाही. त्याहून कमी वाळूने माती वाळल्यावर विटेसारखी होते.

पिवळ्या झुडपांना तात्पुरता आराम म्हणून एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. दहा-दहा दिवसांनी दोन-तीन फवारण्या पुरतात. हिराकस मातीत टाकू नये, चुन्याच्या संगतीत ते काही दिवसांतच निरुपयोगी होते. फवारताना फरशी झाकावी, तिच्यावर पडलेले गंजाचे डाग निघत नाहीत.

यंत्रातून निघते ते खत नव्हे

समितीने ओल्या कचऱ्यासाठी यंत्र घेतले, ते योग्यच केले. मात्र '२४ तासांत खत' असे सांगून विकलेल्या यंत्रातून बाहेर पडतो तो तापवून, वाळवून, बारीक केलेला कचरा. तो कुजलेला नसतो. मातीत मिसळून ओला झाला की कुजणे तेव्हा सुरू होते, ते तापते, वास मारते, आणि कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी उचलतात. लॉनमध्ये हे 'खत' पसरल्यावर गवत पिवळे पडले त्याचे कारण हेच आहे. दोष माळीदादांचा नाही.

यंत्रातला माल वाया जाणारा नाही, तो फक्त पिकवावा लागतो. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत वेल्डमेशच्या जाळीचे चार पिंजरे करावेत, प्रत्येक किमान एक मीटर लांब, रुंद व उंच. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. खाली काटक्यांचा १५ सेंमी थर, त्यावर मापाने (वजनाने नव्हे) एक भाग ओला कचरा किंवा यंत्रातला माल आणि दोन भाग सुका पाला असे थर द्यावेत. असे केले की कर्ब-नत्र गुणोत्तर ३० च्या जवळपास, म्हणजे नत्राच्या तीसपट कर्ब, असे येते. मध्ये मध्ये जुने खत किंवा शेणकाला शिंपडावा. ओल किती असावी, ते मूठ आवळून कळते: बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसावा, धार लागू नये.

तीन-चार दिवसांत ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान यायला हवे. गाजरगवताचे बी आणि रोगाचे जंतू याच उष्णतेने मरतात. आठवड्याने ढीग उलथून बाहेरचे आत, आतले बाहेर करावे, असे चार-पाच वेळा. नंतर महिनाभर तो नुसता मुरू द्यावा. एकूण अडीच-तीन महिने लागतात.

बिघडते कुठे, तेही लिहितो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर सुका पाला कमी पडला आहे. कुजक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, त्याच दिवशी उलथावे. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा आहे. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती कामाची आहे. करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या सैनिकमाशीच्या असतात, त्या कचरा झपाट्याने खातात, औषध मारू नये. मात्र इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या, जाड, पांढऱ्या अळ्या आढळल्या तर वेचून नष्ट कराव्यात. त्या हुमणीच्या किंवा गेंड्या भुंग्याच्या असतात. गेंड्या भुंगा खताच्या ढिगात वाढतो आणि नारळाचा कोंब पोखरतो. आपल्या आवारात नारळ आहेत, म्हणून प्रत्येक उलथणीला ही तपासणी व्हावीच.

खत तयार झाले का, याची चाचणी स्वस्त आहे. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवावे. उघडल्यावर मातीचा वास आला पाहिजे. मग एका कुंडीत निम्मे खत आणि निम्मी माती, दुसरीत फक्त माती घेऊन दोन्हींत अळिवाचे दहा-दहा दाणे पेरावेत. चार दिवसांत दोन्हीकडे सारखे उगवले तर खत वाफ्यात टाकायला हरकत नाही. खताच्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा मुळे करपली, तर ढीग आणखी पंधरा दिवस ठेवावा.

पाला झाडून देऊ नये

या पत्रातली सर्वात महत्त्वाची विनंती ही आहे. बागकामाच्या करारात 'वाफे रोज स्वच्छ ठेवणे' असे कलम आहे. त्यामुळे वाफ्यातला पाला रोज सकाळी झाडून, पिशव्यांत भरून गाडीत जातो. उघडी माती उन्हात भाजते, पहिल्या जोरदार सरीत तिचे कण फुटून वर पापडी धरते. बागेतून कर्ब असा रोज बाहेर जातो आणि मग आपण माती विकत आणतो.

पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहराची बारीक पाने लवकर कुजतात, ती तशीच वाफ्यात ठेवावीत. बदाम आणि आंब्याची चिवट पाने श्रेडरमधून काढून किंवा पोत्यात कुटून वापरावीत. पानगळ आत्ताच, मेपर्यंत, भरपूर आहे, आणि पावसाळ्यात ओला कचरा असतो पण सुका पाला मिळत नाही. ढिगांना वास येण्याच्या तक्रारी जुलै-ऑगस्टमध्ये वाढतात त्या यामुळे. म्हणून निदान चाळीस-पन्नास पोती सुका पाला पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात साठवावा. आगीचा धोका लक्षात घेऊन तो मीटरखोली आणि वाहनांपासून दूर असावा. निर्माल्यही ढिगात चालते, फक्त दोरे, प्लास्टिक आणि चमकी काढून.

किती खत, कसे मिसळायचे

पहिल्या वर्षी वाफ्यावर ५ सेंमी जाडीचा थर हवा. म्हणजे चौरस मीटरला ५० लिटर, वजनाने २५ ते ३० किलो. आपले जमिनीवरचे वाफे २०० चौरस मीटर धरले तर १० घनमीटर खत लागेल. १२० सदनिकांतून रोज प्रत्येकी ४०० ग्रॅम ओला कचरा धरला, तर वर्षाला साडेसतरा टन होतो. कुजून त्याचे चार टनांच्या आसपास, म्हणजे सात-आठ घनमीटर खत हाती येते. पाल्याची भर वेगळी. म्हणजे पहिल्या वर्षी निम्मे वाफे, पुढच्या वर्षी उरलेले, असे केले तर बाहेरून काही आणावे लागत नाही. नंतर दरवर्षी दीड-दोन सेंमी थर पुरतो. तो मात्र दरवर्षी हवाच, कारण आपल्या उष्ण हवेत मातीतला कर्ब लवकर जळतो.

मिसळण्याची वेळ महत्त्वाची. वाफ्याला पाणी देऊन दोन-तीन दिवस थांबावे आणि वाफसा आल्यावरच माती हलवावी. मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की तो फुटायला हवा. चपटा होऊन चिकटला तर थांबावे, कारण चिखलात हलवलेल्या काळ्या मातीची ढेकळे वर्षभर फुटत नाहीत. आधी सिमेंटचे तुकडे, काचा, प्लास्टर वेचून काढावे, माती २० ते २५ सेंमी खोल सैल करावी, मग खत आणि चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड टाकून वरच्या १५ सेंमीत मिसळावे. रोटाव्हेटर नको, त्याने मातीची भुकटी होते आणि खाली कडक थर तयार होतो. पाणी देऊन दहा-पंधरा दिवस वाफा तसाच ठेवावा आणि पाऊस स्थिरावल्यावर लागवड करावी. शेवटी ५ ते ७ सेंमी पाल्याचे आच्छादन.

मोठ्या झाडांखाली हे काहीही करू नये. तिथे खणले की वरची अन्न घेणारी मुळे तुटतात. नुसते खत पसरून वर पाला घालावा, तोही बुंध्यापासून १५ सेंमी दूर. बुंध्याला माती चढवली की साल कुजते.

पोडियमवरची बाग

इथे तर माती वाढवणे धोक्याचे आहे. ओली माती घनमीटरला १.८ ते २ टन भरते. म्हणजे १० सेंमी जादा थराने स्लॅबवर दर चौरस मीटरला १८० ते २०० किलो भार वाढतो, आणि तो स्लॅब खालच्या पार्किंगचे छत आहे. संरचना अभियंत्याच्या लेखी मान्यतेविना पोडियमवर एक घमेलेही माती वाढू नये. तिथे वरची १० सेंमी माती काढून, दोन भाग तीच माती, एक भाग खत आणि एक भाग दोन-तीनदा धुतलेले कोकोपीट असे मिश्रण पुन्हा भरावे. उरलेली माती खाली आणावी. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. याच कामात पाणी निघण्याची तोंडे मोकळी करून त्यांच्यावर जाळी व खडी घालावी.

समितीकडून अपेक्षा

लाल मातीचा खर्च थांबवून त्यातून जाळीचे पिंजरे, एक श्रेडर आणि माती परीक्षण करावे. बागकामाच्या करारातले स्वच्छतेचे कलम बदलून 'रस्ते व फरशी झाडणे, वाफ्यातला पाला तिथेच ठेवणे' असे करावे. ढीग उलथण्याच्या कामाचे माळीदादांना वेगळे पैसे द्यावेत. हे कष्टाचे काम आहे, ते फुकटात वाढवू नये.

परीक्षणासाठी जमिनीवरच्या वाफ्यांचा एक व पोडियमचा एक असे दोन नमुने काढायचे आहेत. प्रत्येकी आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा २० सेंमी खोल खड्डा घेऊन, कडेची माती लाकडी पट्टीने खरवडून, एकत्र करून, चार भागांपैकी समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवायची, आणि सावलीत वाळवून कापडी पिशवीत प्रयोगशाळेत द्यायची. लोखंडी अवजार वापरले तर लोहाचा आकडा चुकू शकतो. सामू, विद्युत वाहकता (यावरून क्षार कळतात), सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना, लोह व जस्त एवढे तपासून घ्यावे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली आला तर तो कमी समजतात. दोन वर्षांनी त्याच ठिकाणांहून पुन्हा नमुना घेतला की खर्च लागू पडला का, हे सर्वसाधारण सभेला दाखवता येईल.

समितीची हरकत नसेल तर येत्या रविवारी सकाळी नमुने काढू. त्याआधी तीन दिवस वाफ्यांना पाणी व कोणतेही खत देऊ नये, एवढे माळीदादांना कळवावे.

आपले विश्वासू,
बागेच्या कामात सहभागी सदनिकाधारक