ब्लूटूथ मॉड्यूलसोबत एक मराठी कागद द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत पालक आणि मुलं हातात यादी घेऊन फिरताना दिसतात आणि त्या यादीत अर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि त्याला मोबाईलशी जोडणारं एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल हमखास असतंच. मोबाईलवरून गाडी चालवायची, दिवा लावायचा, असे प्रोजेक्ट मुलांना खूप आवडतात, मलाही आवडतात. पण मॉड्यूल छोट्या पिशवीत मिळतं, सोबत माहितीची एक ओळ नसते, मग मूल कुठलातरी व्हिडिओ बघून चार वायरी जोडतं आणि नेमकं जे सांगायला हवं तेच त्यात नसतं.

आमच्या भागातली मुलं अडली की माझ्याकडे येतात. बहुतेकांचं रडगाणं एकच, प्रोग्रॅम अपलोड होत नाहीये, बोर्ड बिघडलाय. बोर्ड चांगला असतो हो! उनोला हार्डवेअर सिरीयल, म्हणजे एकामागून एक बिट पाठवायची-घ्यायची वाट, एकच, ० आणि १ नंबरच्या पिनवर, आणि कॉम्प्युटरची यूएसबी पण तीच वापरते, त्यामुळे मॉड्यूल तिथे जोडलेलं असलं की अपलोड अडकतं. अपलोड करताना तेवढ्या वायरी काढायच्या, नाहीतर सॉफ्टवेअर सिरीयल, म्हणजे प्रोग्रॅमने बनवलेली तशीच वाट, वापरून १० आणि ११ नंबरच्या पिनवर जोडायचं, झालं. आणि एकाचा टीएक्स (पाठवायची पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घ्यायची पिन), एक बोलणार तर दुसरा ऐकणार ना.

व्होल्टेजचं तर कोणी बोलतच नाही. मॉड्यूलला ५ व्होल्टचा सप्लाय चालतो, पण त्याची आरएक्स पिन ३.३ व्होल्टची आहे, नेहमी मिळणाऱ्या बोर्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं, आणि उनो मात्र ५ व्होल्ट पाठवतो. मॉड्यूल लगेच मरत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं चालतंय की! उपाय अगदी स्वस्त आहे, उनोच्या टीएक्सपासून १ किलोओहमचा रेझिस्टर आरएक्सला आणि आरएक्सपासून २ किलोओहमचा ग्राउंडला. ५ चे तीन भाग करून त्यातले दोन घेतले की ३.३ येतात, ओहमचा नियम शिकलेलं दहावीचं पोरगं हे स्वतः काढू शकतं. उलट दिशेला, म्हणजे मॉड्यूलकडून उनोकडे, काहीच लावावं लागत नाही कारण ३.३ व्होल्ट उनोला ‘हाय’, म्हणजे १, म्हणून कळतात.

स्पीडचंही तसंच. नेहमीच्या कामात साधारण ९६०० बॉड, पण मॉड्यूलवरचं बटण दाबून सप्लाय दिला की एटी मोड, म्हणजे मॉड्यूलची सेटिंग बदलायचा मोड, सुरू होतो, लाईट सावकाश लुकलुकते आणि तिथे ३८४०० लागतो. हे माहीत नसलं की नुसती कचरा अक्षरं दिसतात नाहीतर काहीच दिसत नाही. ९६०० म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एवढं मुलाला एकदा कळलं की पुढे जीपीएस किंवा जीएसएम मॉड्यूल हातात आलं तरी ते घाबरणार नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी ब्लूटूथ जोडताना टाकायच्या पासवर्डची, म्हणजे पिनची वाटते. बहुतेक मॉड्यूलचा पिन १२३४ असतो, आणि यावर मुलं दाराचं कुलूप उघडायचा प्रोजेक्ट करतात, काही जण तो घरी खरोखर लावतात सुद्धा. दहाएक मीटरच्या आतला कोणीही १२३४ टाकून जोडू शकतो. त्याच एटी मोडमध्ये पिन बदलता येतो, पण सांगायला कोणी नसतं. शिवाय घरात आयफोन असेल तर हे मॉड्यूल त्याच्याशी बोलत नाही, त्याला बीएलई, म्हणजे कमी वीज खाणारं ब्लूटूथ असलेलं एचएम-१० मॉड्यूल लागतं, हे खरेदीच्या आधीच सांगितलं तर पालकांचे पैसे वाचतील.

अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी, केंद्र सरकारकडून शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब करायचं जाहीर झालंय. चांगलंच आहे. पण मराठी माध्यमाच्या मुलाच्या हातात या वस्तूंबद्दल मराठीत लिहिलेला कागद मी अजून बघितलेला नाही. किट बनवणाऱ्यांनी आणि दुकानदारांनी पिशवीत एक पाठपोट पान टाकावं, वर लिहिलंय तेवढं त्यात आरामात मावतं. प्रदर्शनात परीक्षकांनी पण दिवा लागला की टाळ्या वाजवून पुढे न जाता हे दोन रेझिस्टर कशाला लावलेत एवढं विचारावं.

आपल्या पेपरात विद्यार्थ्यांसाठी पान असतं, त्यात प्रदर्शनांच्या आधी हे सर्किट एकदा छापलंत तर फार बरं होईल. आकृती मराठीत नावं घालून मी काढून पाठवतो, मानधन नको.

आपला,
एक वाचक, पुणे