गांजाचा कर आणि वैनगंगेचा काठ

महोदय,

गांजा कायदेशीर करा, कर लावा आणि त्याच पैशातून पोलीस-दवाखाने चालवा, असा सूर हल्ली आपल्याकडेही निघतो. दाखला कॅलिफोर्नियाचा असतो. राज्य उत्पादन शुल्क खात्यात मी ३१ वर्षे काढली आणि गेले चार महिने लेकीकडे, तिथल्याच सॅन होजेशेजारच्या एका शहरात मुक्कामाला आहे. म्हणून हे पत्र.

आधी फजिती सांगतो. मला मधुमेह. लेक ऑफिसला गेली की मी स्वयंपाकघरात गोड हुडकतो. एका दुपारी वरच्या फळीवर जेलीच्या रंगीत गोळ्यांची पिशवी सापडली. जावयाचा कोणी मित्र विसरून गेला होता. दोन खाल्ल्या, काही विशेष लागल्या नाहीत म्हणून आणखी एक. दीड तासाने सोफा डोलू लागला, छातीत धडधड, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा काही केल्या पुढे सरकेना. अग्निशमन दलाची गाडी आली. त्यातल्या पोराने पिशवी उलटी करून त्रिकोणातले गांजाचे पान मला दाखवले आणि विचारले, किती खाल्ल्या? एका मात्रेत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक), असा इथला नियम. माझ्या पोटात तीन मात्रा. जन्मभर गांजाचे पंचनामे केले आणि शेवटी मुद्देमाल असा गिळला.

बरा झाल्यावर जावयाला बसवून कायदा समजून घेतला. नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी मतदानाने ‘प्रोपोझिशन ६४’ मंजूर केले, १ जानेवारी २०१८ पासून एकवीस वर्षांवरच्यांसाठी दुकाने उघडली. उत्पादन शुल्क १५ टक्के. (जुलै २०२५ मध्ये १९ केले, धंदेवाल्यांनी ओरड केली, ऑक्टोबरात पुन्हा १५. हे मात्र अगदी घरच्यासारखे वाटले.) यंत्रणेचा खर्च आणि काही ठरावीक रकमा वजा जाता उरेल त्यातले ६० टक्के मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी, २० टक्के पर्यावरणाला आणि २० टक्के सुरक्षेला. या शेवटच्या वाट्यातून महामार्ग पोलिसांना पैसे मिळतात आणि शहरे-काउंट्यांना (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) पोलीस, अग्निशमन, आरोग्याच्या कामांसाठी अनुदान. आपल्याकडे दारूचे शुल्क राज्याच्या एकत्रित निधीत पडते आणि पुढे त्याचा माग लागत नाही. त्या मानाने हा हिशेब नेटका आहे, हे मान्य.

खटकते ती एक अट. ज्या शहराने गांजाच्या लागवडीवर किंवा किरकोळ विक्रीवर बंदी घातली, त्याला हे अनुदान नाही. मूळ कायद्यातच तसे लिहिले आहे. लेकीच्या शहरात दुकानांना बंदी आहे. म्हणजे मला सावरायला जी गाडी आली, तिच्यासाठी या पैशातला छदामही नाही.

सरकारचा तर्क कळतो: दुकान नको म्हणता, मग कराचा वाटा कशाला? पण मी चंद्रपुरात नोकरी केली आहे. १९९३ पासून गडचिरोलीत दारूबंदी, आणि तेव्हा चंद्रपुरात परवान्याची दुकाने. वैनगंगेच्या अलीकडे विकत घेतलेली बाटली रात्रीतून पलीकडे जायची; दुधाच्या कॅनमधून, एकदा तर गाडीच्या जादा टायरमधून आम्ही काढली. महसूल अलीकडे, डोकेदुखी पलीकडे. बंदीच्या जिल्ह्याला ‘तुमच्याकडे दुकान नाही, तुम्हाला कुमक कशाला’ असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर आमच्या निरीक्षकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली असती. इथे तर नदीही आडवी नाही. २०१९ च्या राज्य नियमाने परवानाधारक विक्रेता कोणत्याही शहरात घरपोच माल देऊ शकतो, त्या शहरात दुकानाला बंदी असली तरी.

अनुदान दुकानांवर नव्हे, तर ॲम्ब्युलन्स किती वेळा धावली आणि किती लहान मुले, म्हातारी माणसे अशा गोळ्यांमुळे दवाखान्यात गेली यावर ठरावे. आपल्याकडे उद्या कोणी असा कायदा लिहायला बसलाच, तर ही अट जशीच्या तशी उचलू नये.

आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या समवयस्कांना एक विनंती. पिशवीवर त्रिकोणात पान आणि उद्गारचिन्ह दिसले तर हात लावू नका. असर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही सुरू होतो. शिवाय अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे, व्हिसावर आलेल्याने तर नादच करू नये.

आपला,
एक निवृत्त दुय्यम निरीक्षक, राज्य उत्पादन शुल्क
(नाव छापू नये, लेक रागावेल.)