गॅलागाचा बोर्ड जिवंत करणाऱ्यांनो, मनापासून थँक्यू

१९८१च्या गॅलागा या आर्केड व्हिडिओ गेमचा सर्किट बोर्ड, स्क्रीनवर नुसता कचरा, आणि मी त्यातल्या तीनही झेड-८० प्रोसेसरवर संशय घेऊन बसलेलो. तुमच्यातल्या एकाने सांगितलं की आधी ५ व्होल्ट बघ, सप्लायवर नाही, थेट चिपच्या पायावर, आणि तिथे भरले फक्त ४.५, जुन्या टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक) चिपना किमान ४.७५ लागतात. एज कनेक्टर (बोर्डाच्या कडेचा जोड) घासून पुसल्यावर व्होल्टेज बरोबर आलं, तरी कचरा होताच, मग दुसऱ्याने रात्री उशिरापर्यंत माझे ऑसिलोस्कोपचे (सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राचे) फोटो बघून एक मेलेली रॅम चिप शोधून दिली. सॉकेट बसवलं, नवी चिप लावली, आणि गेम सुरू!! डोळ्यात पाणीच आलं हो. तुम्हा दोघांचे खूप खूप आभार.