‘मोटार जळाली’ म्हणणाऱ्याने मेगरचे रीडिंग द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर गच्चीवरचे शेवाळ धुवून काढत असताना आमचा विजेवर चालणारा प्रेशर वॉशर एकाएकी बंद पडला. सेवा केंद्रात नेल्यावर पाच मिनिटांत, झाकणाचा एकही स्क्रू न काढता, ‘मोटार जळाली, साडेचार हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या’ असा निकाल मिळाला. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात सत्तावीस वर्षे काढल्यामुळे जळालेल्या वाइंडिंगचा (मोटारीतील तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचा) वास मला ओळखता येतो, आणि या मशीनला तो वास नव्हता. म्हणून ते तसेच परत आणले. शहरात गाड्या आणि गच्च्या, तर निफाड-दिंडोरीकडे ट्रॅक्टर आणि द्राक्षबागेचे ब्लोअर धुण्यासाठी ही यंत्रे आता सर्रास वापरली जातात, त्यामुळे घरी जे आढळले ते आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते.

पहिला दोष मशीनमध्ये नव्हताच, तो माझ्या एक्स्टेन्शन बोर्डात होता. १८०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर ओढते आणि आमच्या बोर्डाचे सॉकेट होते ६ अँपिअरचे, शिवाय वीस मीटरची बारीक वायर रिळावर गुंडाळलेलीच. प्लगच्या पिनेभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक चहासारखे तपकिरी झाले होते. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेते, त्यामुळे अशा वायरीत व्होल्टेज पडते, मोटार रखडत फिरते, तिच्याच शाफ्टवरचा थंड करणारा पंखाही मंदावतो आणि शेवटी आतला थर्मल ओव्हरलोड, म्हणजे मोटार जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, तिला बंद करतो. हा बिघाड नव्हे, हे संरक्षण आहे. प्लग काढून मशीन अर्धा तास सावलीत ठेवले की बहुधा ते पुन्हा चालते. मात्र न थांबता दहा वेळा बटण दाबत राहणारे लोक मोटार खरोखरच जाळतात. मशीनला १६ अँपिअरचे सॉकेटच द्यावे, आणि एक्स्टेन्शनला पर्याय नसेल तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर पूर्ण उलगडून वापरावी.

पाण्याची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक बार दाब मिळतो, म्हणजे गच्चीवरच्याच टाकीतून गच्ची धुताना मिळणारा दाब नगण्य असतो. पंपाला पाणी पुरले नाही तर तो हवा ओढतो, कण्हतो, नळी चपटी होते. नळीने दहा लिटरची बादली मिनिट-दीड मिनिटात भरत नसेल, तर आधी तिकडे पाहावे. मी पिण्याचे पाणी धुण्यात घालवत नाही, बोअरचे वापरतो. त्याचा परिणाम असा, की पाणी आत घेण्याच्या तोंडाशी असलेली बोटाच्या पेराएवढी जाळी क्षारांच्या पांढऱ्या खपलीने आणि लाल गाळाने अर्धी बुजलेली निघाली. नोझलमध्ये खडा अडकला तरी मशीन धक्के देत चालू-बंद होते, तिथे बारीक सुई पुरते. आणि ट्रिगर सोडल्यावर मोटार थांबते, ही तर अनेक मॉडेलांची रचनाच आहे. तेवढ्यासाठी दुरुस्तीला गेलेली मशीन मी पाहिली आहेत.

हे सगळे करूनही आमचे मशीन सुरू झाले नाही. मग प्लग काढून, नळ बंद करून, ट्रिगर दाबून नळीत उरलेला दाब सोडला आणि झाकण उघडले. मोटारीचे दोन कार्बन ब्रश (तिच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजून पाच मिलिमीटरवर आले होते आणि त्यातला एक खाचेत अडकल्यामुळे कम्युटेटरला, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, टेकतच नव्हता. वाइंडिंग स्वच्छ होते. ‘ब्रश सुटे मिळत नाहीत, पूर्ण मोटार घ्यावी लागेल’ असे विक्रेत्याने सांगितले. शालिमारजवळच्या एका दुकानात ड्रिल मशीनचे थोडे जाड ब्रश ऐंशी रुपयांना मिळाले, ते पॉलिश पेपरवर घासून खाचेत सैल सरकतील असे केले, कम्युटेटर पुसला, आणि मशीन चालू झाले. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी हे स्वतः करू नये. विशेषतः मशीन लावताच करंटची गळती झाल्यास वीज तोडणारी आरसीसीबी पडत असेल, तर ती बाजूला करून किंवा अर्थिंगची पिन कापून चालवण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाला घरात पाऊल टाकू देऊ नये. हातात पाण्याची नळी असते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने आणि घरगुती टिकाऊ वस्तू ही त्याची चार क्षेत्रे आहेत. ग्राहकांसाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. पण काउंटरवर उभ्या ग्राहकाला त्या क्षणी हवी असते ती ब्रशची जोडी, सील, मायक्रोस्विच आणि जाळी यांची किमतीसह यादी, आणि दोष शोधण्याची मराठी पुस्तिका. माझी त्याहून साधी मागणी अशी आहे, की मोटार जळाली असे सांगणाऱ्या प्रत्येक सेवा केंद्राने वाइंडिंगचा रेझिस्टन्स आणि मेगरचे (इन्सुलेशन शाबूत आहे का हे मोजणाऱ्या मीटरचे) रीडिंग बिलावर सही करून लिहून द्यावे. या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत. रीडिंग नसेल तर ग्राहकाने मोटार बदलण्यास संमती देऊ नये.

झिजलेले दोन्ही ब्रश मी काडेपेटीत जपून ठेवले आहेत. संबंधित केंद्रातील कोणाला पाहायचे असल्यास मी ते आनंदाने घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स कर्मचारी, इंदिरानगर, नाशिक