अकराव्या स्वराबद्दल आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

नॅचरल हॉर्न (कळा नसलेला जुना पितळी हॉर्न) आणि तीन तंतुवाद्यांसाठी आपण माझ्याकडून जी रचना लिहून घेतलीत, तिचे पहिले वादन लंडनमध्ये पार पडून पंधरवडा झाला. आभार खासगीतही मानता आले असते. परंतु जुन्या वाद्यासाठी नवे संगीत मागणारा वादक संगीतकाराला काय काय देतो, हे पुण्यातल्या माझ्या मित्रांनाही कळावे, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

हॉर्नच्या नळीची लांबी बोटाने बदलणाऱ्या कळीचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, पेटंट स्टोल्त्सेल आणि ब्लूमेल या जर्मन वादकांनी 1818 साली घेतले. त्यापूर्वीच्या हॉर्नवादकाकडे एक गुंडाळलेली नळी, स्वर बदलण्यासाठी तिला जोडायचे वेगवेगळ्या लांबीचे क्रूक आणि वाद्याच्या रुंद तोंडात घातलेला उजवा हात एवढेच असे. हे मी वाचले होते, तरीही पहिल्या खर्ड्यात क्रूक बदलायला मी आपल्याला जेमतेम दोन बारांची (तालखंडांची) विश्रांती दिली होती. आपण तक्रार केली नाहीत. फक्त एक ध्वनिमुद्रण पाठवलेत, ज्यात नळी उपसल्याचा खडखडाट होता आणि त्यानंतर, बऱ्याच उशिराने, माझी सुरावट होती. इतक्या सभ्यपणे कुणी माझी चूक दाखवल्याचे मला आठवत नाही.

खरे ऋण मात्र अकराव्या स्वयंभू स्वराचे आहे, म्हणजे एकाच नळीतून फुंकेच्या बदलाने आपोआप निघणाऱ्या स्वरांच्या मालिकेतल्या अकराव्याचे. तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा हॉर्नचा पाचवाच स्वर, त्यामुळे या वाद्याशी आपले जुने नाते आहे, अशा भ्रमात मी होतो. सातवा स्वर पियानोवरच्या कोमल निषादापेक्षा सुमारे 31 सेंट (सेंट म्हणजे पियानोवरच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, तोही मी हौसेने स्वीकारला. अकरावा मात्र शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या जवळजवळ मधोमध पडतो आणि मला तो बेसूर वाटला, म्हणून हाताने झाकून तो शुद्ध मध्यमावर आणावा, अशी खूण मी प्रत्येक ठिकाणी केली. आपण ती ओळ तशी वाजवलीत, मग हात मोकळा ठेवून वाजवलीत, आणि तंतुवाद्यांना त्या स्वरापर्यंत येता येणार नाही का, एवढेच विचारलेत. इंग्लिश संगीतकार ब्रिटन यांनी 1943 मध्ये हॉर्नवादक डेनिस ब्रेन यांच्यासाठी लिहिलेल्या ‘सेरेनेड’चा आरंभ आणि शेवट हॉर्नने नैसर्गिक स्वरांतच वाजवायचा असतो, हे मला ठाऊक होते, पण ठाऊक असणे वेगळे. त्यानंतर मी मधला भाग पुन्हा लिहिला. आता त्या स्वरावर हॉर्न थांबतो आणि व्हायोला व चेलो हळूहळू त्याच्याशी जुळतात.

मानधनाचा अर्धा भाग आपण एकही ओळ लिहून होण्याआधी दिलात, याचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. शिवाय पहिल्या वादनानंतर ठरावीक काळ रचना केवळ मागवणाऱ्यानेच वाजवावी, अशी अट अनेकदा घातली जाते. ती आपण घातली नाहीत. त्यामुळेच गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका नॅचरल हॉर्नवादकाने स्वरलिपी मागितली तेव्हा मला ती लगेच देता आली. सोबत, आपली परवानगी गृहीत धरून, खडखडाटाचे ते ध्वनिमुद्रणही पाठवले आहे.

आपला कृतज्ञ,
एक संगीतकार, पुणे