जोत्यापासून वाढलेले घर

इंदूर,
24 जानेवारी 2026

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाळकृष्ण दोशी यांच्यावर तू लिहिलेला निबंध परवा मिळाला आणि मी तो दोनदा वाचला. इमारतींची नावे, त्यांची वर्षे, वास्तुकलेचे सर्वोच्च मानले जाणारे 2018 चे प्रित्झकर पारितोषिक आणि ते मिळवणारे दोशी हे पहिले भारतीय वास्तुविशारद, 2022 चे रॉयल गोल्ड मेडल, सगळे बिनचूक आहे. पण त्यांच्या पत्नी कमलाबेनचे नाव त्यात कुठेच आले नाही, तीन मुलींचा उल्लेख नाही, आणि पुण्याच्या ज्या घरात हा माणूस वाढला त्याला तू अर्धीच ओळ दिली आहेस. आज त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. फोनवर हे नीट सांगता आले नसते, म्हणून लिहायला बसलो.

त्यांचा जन्म 26 ऑगस्ट 1927 चा, पुण्याचा. घर गुजराती वैष्णवांचे आणि धंदा लाकडी सामानाचा. ते वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा आई गेली आणि त्यांना वाढवले ते आजोबा, काका, काकू, भावंडे अशा भरल्या घराने. कुटुंब वाढत गेले तशा त्या घराला खोल्या जोडल्या गेल्या, मजले चढले, आणि आजोबांच्या कारखान्यात लाकडाला आकार येताना तो मुलगा पाहत राहिला. अकराव्या वर्षी आगीच्या अपघातात ते भाजले आणि तेव्हापासून किंचित लंगडत चालत. घर ही एकदाच बांधून पुरी होणारी वस्तू नसून माणसांबरोबर तिचे वय वाढत जाते, हे त्यांना कुठल्याही वर्गात शिकावे लागले नसावे असे मला वाटते. कारण आई नसलेल्या मुलाला ज्या घराने सांभाळले तेच घर तसे होते.

पुढचा प्रवास तू लिहिलाच आहेस, म्हणून मी तो भरभर ओलांडतो. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, मग 1951 पासून पॅरिसमध्ये नामवंत वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या हाताखालची वर्षे, आणि 1954 मध्ये त्यांच्याच अहमदाबादच्या कामांवर देखरेख करण्यासाठी मायदेशी परतणे. मात्र त्याच वर्षाची एक गोष्ट तुझ्याकडून निसटली आहे. समाजातल्या सर्वांत खालच्या थरातल्या माणसाला नीटसे घर मिळवून द्यायचे, ही शपथ आपण घ्यावी आणि जन्मभर लक्षात ठेवावी, असे त्यांना तेव्हा वाटले होते. वय सत्ताविशीच्या आसपास, आणि स्वतःचे घर अजून व्हायचे होते.

ते घर पुढे अहमदाबादेत 1963 मध्ये झाले. साधे, विटांचे, आणि त्याला नाव दिले पत्नीचे: कमला हाऊस. आपल्याकडे घराला बहुधा आईवडिलांचे किंवा देवाचे नाव देतात. त्यांनी ते ज्या व्यक्तीबरोबर राहायचे होते तिचे दिले. त्या सुमारास त्यांच्यामागे किती कामे होती ते पाहा. ‘वास्तुशिल्प’ हे स्वतःचे कार्यालय चालत होते, 1962 मध्ये अहमदाबादची वास्तुशाळा सुरू झाली होती, आयआयएमसाठी अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांच्याबरोबर काम चालले होते. एवढ्या धावपळीतही ज्या घरात मुली लहानाच्या मोठ्या झाल्या, ते त्यांनी मोठ्या कामांइतक्याच मन लावून रचले. निबंधात तू त्याला ‘सुरुवातीचे छोटे काम’ म्हटले आहेस. ते शब्द काढून टाक, अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या अरण्यविषयी, म्हणजे दोशींनी आखलेल्या इंदूरच्या ज्या वसाहतीत आपले घर आहे तिच्याविषयी. तू त्यावर चांगले पानभर लिहिले आहेस: शहाऐंशी हेक्टर जमीन, सुमारे साडेसहा हजार प्लॉट, वास्तुकलेचा 1995 चा आगा खान पुरस्कार. पण तू तिथे जन्मलीस ती वरची खोली झाल्यावर. त्याआधीचे तू पाहिलेले नाहीस, ते मी पाहिले आहे.

तुझ्या आईने आणि मी प्लॉट घेतला तेव्हा घर असे काही नव्हतेच. जमिनीच्या लहानशा तुकड्यावर एक जोते, संडास-न्हाणी आणि पाण्याचा नळ, एवढेच. बाकीचे आपले आपण बांधायचे, जसे पैसे येतील तसे. तुझी आजी गावाहून पाहायला आली आणि त्या उघड्या जोत्यावर बसून रडली, की आपल्या मुलाच्या नशिबी भिंतीसुद्धा आल्या नाहीत. मला तेव्हा त्यांना काही समजावता आले नाही. पुढे मला वाचायला मिळाले की आराखडा काढण्याआधी दोशींच्या माणसांनी आपल्याच शहरातल्या झोपडवस्त्या हिंडून पाहिल्या होत्या: लोक दाराबाहेर कुठे बसतात, धंदा कुठे मांडतात, झाडाखाली काय चालते, पैसे आले की खोली कुठल्या बाजूला वाढवतात. त्यातून ते ओटे आले, त्या गल्ल्या आल्या, मागच्या अंगणांनी जोडलेले दहा-दहा घरांचे पुंजके आले. वीस घरांना मिळून एक सेप्टिक टँक, हेसुद्धा त्याच हिशोबातले. मोठे प्लॉट विकून आलेल्या पैशातून लहान प्लॉटांचा भार हलका केला गेला. कसे बांधता येईल ते दाखवण्यासाठी त्यांनी ऐंशी घरे नमुन्यादाखल उभी केली आणि पुढचे आमच्यावर सोपवले.

पहिल्या वर्षी आम्ही एकच खोली बांधली आणि विटा उरल्या त्या रचून स्वयंपाकाला आडोसा केला. तुझ्या जन्माच्या आधी जिना चढवला, मग वरची खोली. आजी शेवटची पाच वर्षे पुढच्या ओट्यावरच बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत, भाजी निवडत, आणि ज्या जोत्यावर त्या रडल्या होत्या त्याच्याच कडेला तुला खेळवत. हे सारे कुणीतरी आधी मनात आणले होते, हा विचार आला की मला आजही भरून येते. माणसाने स्वतः वाढते घर पाहिलेले असल्याशिवाय दुसऱ्याच्या घरासाठी अशी जागा मोकळी सोडणे त्याला सुचत नाही, असे माझे ठाम मत आहे. अहमदाबादच्या एलआयसीच्या वसाहतीतही, 1973 च्या, पुढे वाढवता येईल अशा गच्च्या त्यांनी ठेवल्या. तिथल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या इतके बदल केले की मूळ रूप ओळखणे अवघड व्हावे, आणि दोशींना त्याचे दुःख नव्हते, आनंद होता.

त्यांचे शेवटचे दिवसही घरच्यांत गेले. जावई वास्तुविशारद, नात वास्तुविशारद, तिचा नवराही. वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले आणि दुसऱ्या दिवशी पद्मविभूषण जाहीर झाले. जर्मनीत व्हित्रा या फर्निचर कंपनीच्या आवारात त्यांनी नात आणि नातजावयाबरोबर आखलेली एक वास्तू ते गेल्यावर, गेल्या वर्षी, खुली झाली. भारताबाहेरचे त्यांचे ते पहिलेच काम, आणि तडीस नेले ते नातीने. निबंधाचा शेवट तू पुरस्कारांनी केला आहेस. त्याजागी हे आले तर मला अधिक आवडेल.

आपल्या गच्चीवर खांबांच्या सळया अजून तशाच वर काढलेल्या आहेत. त्यांना गंज चढला आहे आणि गवंडी म्हणतो, कापून टाकू, उगाच कुणाला लागतील. मी त्याला थांबवले आहे. तात्पुरते सिमेंटचे पाणी मारून, वर कापड गुंडाळून ठेवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आलीस की टेप घेऊन आपण दोघे वर जाऊ आणि तूच पाहून सांग.

तुझी आई आशीर्वाद सांगते. थंडी आहे, शाल वापरत जा.

तुझा,
बाबा